कार्बन फायबरचा प्रोपेलर शाफ्ट बसवला. सत्तरला गाडी थरथरते आणि आकडे उलटे धावतात

नोव्हीकर (मूळ प्रश्न)

मंडळी, नमस्कार. गाडी २०१३ ची मस्टँग जीटी. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल ३.७३ चा, टायर २५५/४०-१९. मी डेट्रॉईटजवळ नोव्हीला राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ ओततात, त्यामुळे गाडी वरून नवरी आणि खालून म्हातारी, अशी गत.

कंपनीचा शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग, मागच्या टोकाला सीव्ही जॉइंट. बेअरिंगचं रबर फाटलं होतं, गिअर टाकला की खालून ठक्क. दुकानात नुसतं बेअरिंग मिळेना, अख्खा शाफ्टच घ्या म्हणाले. किंमत ऐकली आणि म्हटलं, एवढेच घालायचे तर थोडे अजून घालू आणि एका तुकड्याचा कार्बनचा घेऊ. (याच सालच्या शेल्बी जीटी-५०० ला कंपनीनेच कार्बनचा एकसंध शाफ्ट दिला होता, हे मी घरी पटवून देण्यासाठी बरंच वापरलं.) नव्याला दोन्ही टोकांना १३५० साइझचे क्रॉस (कोनात वळूनही फिरणारे सांधे), पुढे सरकता स्प्लाइन (दातेरी जोड), मागे डिफच्या, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याच्या, फ्लँजवर बसणारा अॅल्युमिनियमचा अॅडाप्टर.

शनिवारी चार स्टँडवर गाडी चढवली. जुना शाफ्ट मागच्या फ्लँजला गंजून असा चिकटला होता की बोल्ट निघाले तरी हलेना. शेवटी टॉमी (लोखंडी पहार) घालून उचकटला. बाथरूमच्या काट्यावर जुना ३७ पाउंड भरला, नवा १८. नव्याची नळी जाड असल्याने हीट शील्डचा एक कान घासत होता, तो वाकवला. हँडब्रेकची केबल जरा बाजूला बांधली. एक्झॉस्टपासून चारी बाजूंनी बोटभर जागा आहे. नवे बोल्ट, निळं थ्रेडलॉक, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे.

आता दुखणं. साठपर्यंत लोण्यासारखी. पासष्टला सुरुवात होते, सत्तर मैलांना आरशातली मागची गाडी दोन दिसते आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवला की मुंग्या येतात. ऐंशीच्या पुढे थरथर बदलून घूं असा आवाज येतो, कानात दडा बसल्यासारखा.

फोनवर कंपन मोजणारं अॅप टाकून फोन सीटच्या रुळाला घट्ट बांधला. सत्तरला ठळक सुळका सेकंदाला ४४ वर. पासष्टला तोच ४८ वर. पंचाहत्तरला ४० वर. म्हणजे वेग वाढला की कंपनाचा आकडा उतरतो! तीनदा मोजलं, तेच. असं कुठलं चक्र गाडीत असतं जे गाडी जोरात गेली की हळू फिरतं? ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ (इथली हौशी गाड्यांची मिरवणूक) आहे, त्याआधी गाडी ठीक करायची आहे. सुचवा.

गोदाकाठ

चाकं बॅलन्स करून घेतली का? माझ्या स्कॉर्पिओला अगदी हीच तक्रार होती. दोन गॅरेजवाल्यांनी जॉइंट बदलला, तिसऱ्याने टायरला आलेला फोड दाखवला. उगाच शाफ्टच्या मागे लागू नका.

नोव्हीकर

दोनदा बॅलन्स केली. शिवाय हिवाळ्याचा वेगळा संच आहे, तोही चढवून पाहिला. थरथर जागच्या जागी. आणि शुक्रवारपर्यंत ही थरथर नव्हती, शनिवारी शाफ्ट बदलला.

चाकणचा कंपनवाला

उलटे आकडे वाचून मी चहा बाजूला ठेवला. माझं रोजचं काम हेच आहे, फक्त आमच्याकडे फोनऐवजी सेन्सर असतात.

तुमचा फोन सेकंदाला किती वेळा मोजतो ते अॅपच्या सेटिंगमध्ये बघा. मी पैज लावतो, १०० असणार. १०० वेळा मोजणाऱ्याला ५० च्या वरचं कंपन खरं दिसत नाही, ते घडी घालून खाली दिसतं. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार. आता हिशेब करू. तुमचं टायर मैलाला साधारण ७७० फेरे घेतं. सत्तर मैलांना चाक मिनिटाला ९०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला १५. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७३ फेरे, म्हणून त्याला ३.७३ ने गुणा, शाफ्ट सेकंदाला ५६. शंभरातून ५६ गेले, उरले ४४. पंचाहत्तरला शाफ्ट ६०, दिसणार ४०. पासष्टला ५२, दिसणार ४८. तुमचे तिन्ही आकडे जुळले.

म्हणजे गोदाकाठ, चाक सुटलं. चाकाचा दोष १५ ला दिसला असता, आणि आरसा थरथरण्याऐवजी स्टिअरिंग किंवा सीट हलली असती. इंजिनही सुटतं. सहाव्या गिअरचं गुणोत्तर ०.६५, त्यामुळे सत्तरला इंजिन २१८० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला ३६. तरी खात्रीसाठी रिकाम्या रस्त्यावर सत्तरला क्लच दाबा आणि इंजिन आयडलला येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे.

फेऱ्याला एकदा होणारी थरथर असेल तर शाफ्टचं वजन मध्यावर नाही, किंवा शाफ्ट मध्यावर बसलेला नाही. क्रॉसचे कोन चुकले तर फेऱ्याला दोनदा थरथर होते, तुमच्या बाबतीत सत्तरला ११२. ते या फोनवर खरं दिसणार नाही, पण ऐकू येईल. ऐंशीच्या पुढचा घूं मला त्याच जातीचा वाटतो. फोनचा माइक लावून आवाजाचा आलेख काढा, माइक कंपनमापकापेक्षा कितीतरी वेगाने मोजतो. दोन दुखणी वेगळी धरा. आधी ५६ चं.

कराडचा प्रोपेलरवाला

नोव्हीकर भाऊ, मी ट्रक, टिपर आणि उसाच्या ट्रॅक्टरचे प्रोपेलर बावीस वर्षं सरळ करतोय. कार्बनचा हातात कधी धरला नाही, पण फ्लँज फ्लँजच असतो.

तुमच्या लिहिण्यात एक शब्द खटकला: टॉमी. टॉमी कुठं टेकवली होती? फ्लँजच्या तोंडावर टेकवली असेल तर तिथं बर, म्हणजे धातूचा बारीक उंचवटा, उठला असणार. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. त्यावर नवा अॅडाप्टर बसवला की एका बाजूला केसभर उचललेला राहतो, आणि तो केस पुढं क्रॉसपर्यंत जाऊन शाफ्टला भोवंडतो. त्यात तुमच्याकडं मिठाचा गंज. मधल्या खाचेत, जिथं अॅडाप्टरचा स्पिगॉट बसतो, तिथं गंजाची कडी साठली असेल तर स्पिगॉट मध्यावर येणारच नाही, बोल्ट कितीही आवळा.

डायल गेज घ्या. मॅग्नेटचा पाया डिफच्या ओतीव भागाला लावा, टोक नळीच्या मागच्या लोखंडी गळ्यावर. गिअर न्यूट्रल, एक मागचं चाक टेकलेलं, दुसरं हातानं फिरवा. पाच थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मी सोडून देतो. दहाला पार्टीला फोन करतो. वीस असेल तर बॅलन्स करायला आणूच नका म्हणतो, आधी बैठक बघा म्हणतो.

अजून दोन गोष्टी. शाफ्ट बसवताना पुढचा स्प्लाइन ओढून सुटा केला होता का? केला असेल आणि एक दात पुढंमागं बसला असेल तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका ओळीत राहत नाहीत. सरळ उभं राहून डोळ्यानं बघा. आणि कोणी होज क्लिप लावून बॅलन्स करायला सांगितलं तर कार्बनच्या नळीवर लावू नका. लोखंडाला चालतं ते याला चालायचं नाही, नळी चेपली की गेली. व्हाइसमध्येही धरू नका.

नोव्हीकर

कराडचे दादा, तुम्ही कराडला बसून माझ्या गॅरेजात बघितलंत.

क्लच दाबून पाहिला, थरथर तशीच. अॅपच्या सेटिंगमध्ये १०० च निघाले, चाकणकर पैज जिंकले. योक ओळीत आहेत, स्प्लाइन मी सुटा केला नव्हता.

मग डायल गेज. मुलगा चाक फिरवतोय आणि मी पाठीवर पडून टॉर्चच्या उजेडात काटा बघतोय. काटा शून्यावरून निघाला, चढत चढत वीसच्या पुढे गेला, थोडा थांबला आणि परतला. एकवीस थाऊ. जवळजवळ अर्धा मिलिमीटर. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढंसं तर आहे." मलाही क्षणभर तसंच वाटलं.

अॅडाप्टर सोडण्याआधी फीलर गेजची पाती घातली. तीन बाजूंनी ०.०५ ची पातीही शिरेना. चौथ्या बाजूला, घड्याळात चार वाजतात त्या जागी, ०.१५ ची पाती सुर्रकन आत. उघडलं तर बर बरोबर तिथेच, टॉमीच्या टोकाच्या मापाचा. नख फिरवलं की अडकतं, बघितलं तर फक्त एक चमकदार रेघ. आणि खाचेच्या तळाशी तपकिरी गंजाची अर्धी कडी, तारेच्या ब्रशला दाद न देणारी. मी वर लिहिलं होतं ना, "सगळं साफ करून". नाही, लिहिलं नव्हतंच. कारण केलंच नव्हतं. फडक्याने पुसलं होतं.

कानस लावायचा धीर झाला नाही, फ्लँजचं तोंड गेलं असतं तर डिफ उघडायची पाळी. ऑइलस्टोन सपाट धरून वीसेक मिनिटं घासलं, प्रत्येक चार फेऱ्यांनी पुसून नख फिरवलं. खाचेतला गंज लाकडी काडीला पॉलिश पेपर गुंडाळून काढला. पुन्हा बसवलं, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळले. काटा आता आठ. अॅडाप्टर अर्धा फेरा फिरवून बसवला, म्हणजे फ्लँजची उरलेली चूक आणि अॅडाप्टरची चूक एकमेकींच्या विरुद्ध आल्या. चार थाऊ.

सत्तरला आरशात एकच गाडी दिसली.

चाकणचा कंपनवाला

मुलाला सांगा, "एवढंसं" म्हणजे किती. एकवीस थाऊ एकूण, म्हणजे मध्य पाव मिलिमीटर सरकलेला. शाफ्ट आठ किलोचा, मागच्या टोकावर त्यातले चार. शाफ्ट सेकंदाला ५६ फेरे घेतोय, तर ते चार किलो पाव मिलिमीटर बाहेर ठेवून फिरवायला साधारण १३ किलोचा धक्का लागतो, आणि तो सेकंदाला ५६ वेळा चारी दिशांना गोल फिरतो. शाफ्टसाठी आम्ही जी-१६ या बॅलन्सच्या प्रतीचा आधार धरतो. त्याप्रमाणे या वेगाला मध्य ०.०४५ मिलिमीटर सरकलेला चालतो. तुम्ही त्याच्या साडेपाच पट होता. शाफ्ट बनवणाऱ्याने कितीही उत्तम बॅलन्स करून दिलेला असो, तिरका बसवला की ते सगळं पाण्यात.

ऐंशीचा घूं गेला का?

पेट्रोलपुरता

सगळं वाचलं, मजा आली. पण एक विचारतो, रागावू नका. १९ पाउंड वाचवायला एवढा खर्च आणि एवढा घाम? शाफ्ट फिरतो ते बारक्या व्यासात. जुन्याची नळी दोन-पावणेतीन इंचांची धरली तर फिरवण्यातली बचत गाडीचं वजन दीड किलोने घटवल्याइतकी. खुद्द वजनातली बचत साडेआठ किलो. मिळून दहा. १६४० किलोच्या गाडीत दहा किलो म्हणजे अर्धा टक्का आणि वर चिमूटभर. एवढं तर पेट्रोलची टाकी पाऊण ठेवूनही साधतं.

नोव्हीकर

रागावत नाही, खरं आहे. गाडी जास्त पळते असं मला कुठेही वाटलं नाही. पायाला फरक कळतो तो वेगळा: पेडल दाबलं-सोडलं की मधला सैलपणा गेला, सेंटर बेअरिंगचं ठक्क गेलं. आणि एका तुकड्याचा शाफ्ट हवा असेल तर साहित्याचा प्रश्न येतोच. लांब नळी ठरावीक फेऱ्यांना दोरीवरच्या उडीसारखी मध्ये फुगायला लागते. लांबी दुप्पट केली तर ते फेरे चौथ्या हिश्शावर येतात. माझी गाडी १४५ मैलांना गेली (गेलेली नाही, घरचे वाचतात) तर शाफ्ट मिनिटाला ६९०० फेरे घेणार. पोलादाची नळी तेवढ्या लांबीत ते सहज झेपवत नाही, म्हणून तर कंपन्या तिचे दोन तुकडे करतात. कार्बन हलका आणि ताठ, म्हणून एकात भागतं. बाकी हौस म्हणा.

चाकणकर, घूं गेलेला नव्हता. माइकने बघितलं: ८२ मैलांना सुळका १३१ वर. शाफ्टचे ६५.५, त्याची दुप्पट. तुम्ही म्हणालात तसं, कोनाचं दुखणं.

गाडीला मी मागे कधीतरी बुटक्या स्प्रिंगा घातल्या होत्या, दीड इंच खाली बसवली आहे. तेव्हा कोन कोणी बघितला? मागे सीव्ही जॉइंट होता, तो कोन गिळून टाकतो, फेऱ्यात वेग कमीजास्त करत नाही. आता तिथे साधा क्रॉस आला आणि उधारी वसूल झाली.

आधी कोन चुकीचेच मोजले. गाडी स्टँडवर, अॅक्सल लोंबकळतोय आणि मी मोजतोय. ते आकडे फेकून दिले. चारही चाकं रॅम्पवर चढवून, गाडीचं वजन स्प्रिंगांवर ठेवून पुन्हा मोजलं. गिअरबॉक्स मागच्या बाजूला ३.० अंश उतरता, शाफ्ट १.८ अंश, डिफचा पिनियन (शाफ्ट ज्याला जोडतो तो गिअर) ५.२. म्हणजे पुढच्या क्रॉसला कोन १.२, मागच्याला ३.४. दोन्ही सारखे असले की एकाने केलेली चूक दुसरा पुसतो. इथे मागचा पुढच्याच्या जवळजवळ तिप्पट, पुसणार काय.

कराडचा प्रोपेलरवाला

डिफचं नाक वर बघतंय. ट्रकला आम्ही पाट्याखाली (पाट्यांच्या स्प्रिंगखाली) पाचर घालतो. तुमच्याकडं पाटे नसतील.

आणि सारखे करायला जाऊन अगदी शून्य करू नका. क्रॉसमधल्या सुयांना थोडं फिरायला मिळालं पाहिजे, नाहीतर एकाच जागी बसून खड्डे पाडतात. अर्धा अंश तरी ठेवा.

नोव्हीकर

पाटे नाहीत दादा, तीन दांड्यांवर अॅक्सल उभा आहे. वरची दांडी आखूड केली की डिफचं डोकं पुढे येतं आणि नाक खाली जातं. लांबी बदलता येणारी दांडी मागवली. तिचा पुढचा खोबणीचा भाग काढायला मागची सीट उचलावी लागते, हे मला गाडीखाली अर्धा तास घालवल्यावर कळलं. सीटखाली मुलाचे दोन क्रेयॉन आणि आईने तीन वर्षांपूर्वी दिलेली सुपारीची पुडी सापडली.

जोर लावला की डिफचं नाक रबराच्या बुशांमुळे थोडं वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत मुद्दाम जरा खाली ठेवलं. पिनियन २.५ वर आणला. मागचा कोन आता ०.७, पुढचा १.२. काल रात्री एम-१४ महामार्गावरून अॅन आर्बरपर्यंत जाऊन आलो. ८२ ला १३१ चा सुळका जमिनीला टेकलाय. उलट आता डिफमधून गिअरची बारीक शीळ ऐकू येते, पन्नासच्या आसपास, पेडल हलकं धरलं की. ती आधीही असणार, फाटलेल्या बेअरिंगच्या गोंगाटात दबलेली.

चाकणचा कंपनवाला

शीळ राहू द्या. कार्बनच्या ताठ नळीतून ती जास्त पुढे येते, आणि मध्ये आता रबर उरलेलं नाही. बोल्ट मात्र पाचशे मैलांनी पुन्हा तपासा, टॉर्क रेंचने, डोळ्याने नाही. आणि त्याच वेळी नळीवर टॉर्च मारून खडे लागल्याच्या खुणा बघा. वरचा थर खरचटला असेल तर चालतं, धागे उघडे दिसले तर नाही.

नोव्हीकर

बोल्टच्या डोक्यांवर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारून ठेवल्यात. आज १४० मैल झाले, चारही रेघा सरळ आहेत.